तिन्ही घरी उघडणारी डिस्क

आप्पांनी नोकरीत एकही प्रश्न अनुत्तरित ठेवला नाही. वरून विचारणा आली की खालून उत्तर गेलंच पाहिजे, तेही त्याच दिवशी, असा त्यांचा खाक्या. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा टेबल आरशासारखं लख्ख होतं. भाषणात साहेब म्हणाले, असा माणूस पुन्हा होणे नाही. ते अगदी खरं होतं. कारण दुसरा कुणीही असता तर त्या दिवशी पडद्यावरचा तो प्रश्न वाचून निदान घरात कुणाला तरी हाक मारली असती.

पण थांबा, आधी माईंचं सांगितलं पाहिजे. माईंचं सांगितल्याशिवाय आप्पांच्या गुन्ह्याची खोली कळायची नाही.

माई, म्हणजे आप्पांच्या बायको, पुस्तकं वाचायच्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी शहरात एक ग्रंथालय होतं आणि तिथे पुस्तकं ऐकायला मिळायची. माई घरी वाचन रेकॉर्ड करून तिथे पोचवायच्या. आता नुसतं वाचायला काय, कुणीही वाचेल. माईंची गोष्टच वेगळी. पुस्तकात म्हातारा आला की माईंच्या आवाजाला गुडघेदुखी व्हायची. कोर्टातला वकील आला की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चोरलंय असं वाटायचं. आणि हे सगळं जराही नाटक न करता! नुसता एक शब्द इकडे टेकवायचा, एक तिकडे सोडून द्यायचा. ग्रंथालयाच्या सभासदांत एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून अंध. आयुष्यभर हेडफोन लावून लाखो आवाज ऐकलेला हा माणूस दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "बाईंचं नवीन काही आलं का हो?" दुसऱ्या कुणाचं वाचन दिलं तर सभ्यपणे परत करायचा.

आप्पांना कादंबऱ्यांत रस नव्हता. असं ते स्वतः सांगत. माईंचं रेकॉर्डिंग सुरू झालं की ते फक्त खोलीबाहेर स्टूल टाकून बसत आणि घरात आवाज होऊ देत नसत. दाराची घंटा काढून ठेवत. नळ घट्ट करून येत. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहत, तेही निवृत्तच. त्यांना व्यायामाची हौस आणि डंबेल्स जमिनीवर टाकायची सवय. आप्पा वर जाऊन ओठावर बोट ठेवून उभे राहत. पुन्हा खाली येऊन स्टुलावर. कथेत कुणी मेलं-बिलं तर चष्मा काढून पुसत, आणि कुणी पाहिलंच तर म्हणत, "या पॅसेजमध्ये धूळ फार आहे."

तर अशा या माईंच्या गळ्यात गाठ निघाली. घशाचे डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, साधी गाठ आहे, काढून टाकू.

"आणि आवाज?" आप्पांनी विचारलं.

"आवाज येईल की."

"हाच?"

डॉक्टरांनी हात धुवायला सुरुवात केली. "ते आपण बघू," ते म्हणाले. हेडक्लार्क माणूस, 'ते आपण बघू'चा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. हजारदा त्यांनीच लोकांना ते सांगितलं होतं.

माई तशाच उठल्या. घरी आल्या आणि हातातली कादंबरी संपवायला बसल्या. दीपगृहाचा एक रखवालदार, त्याची विधवा बहीण आणि त्या बहिणीवर जीव जडलेला एक नावाडी, अशी ती जाडजूड गोष्ट होती. गळा दुखायचा म्हणून माई तुकड्या-तुकड्यांनी वाचत. परिच्छेद झाला की थांबायच्या, कोमट पाणी प्यायच्या, पुढचा परिच्छेद घ्यायच्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटचं पान झालं. त्या आवाजातलं हे शेवटचं पुस्तक असू शकतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून ते कुणीच बोललं नाही.

आता डिस्क.

माईंचं रेकॉर्डिंग व्हायचं लेकीच्या कॉम्प्युटरवर, तो ती तेवढ्यापुरता माईंच्या खोलीत आणून ठेवायची. लेक आणि जावई समोरच्याच दारात राहत. लेक पुस्तकांसाठी चित्रं काढते, तिचा कॉम्प्युटर सफरचंदाच्या चित्राचा. जावई कॉलेजात गणित शिकवतो. त्याचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचं चित्र पेंग्विनचं. हा पेंग्विन फुकट मिळतो आणि फुकट मिळणं हे त्यामागचं कारण नसून तत्त्व आहे, हे जावयाने आप्पांना लग्नाच्या बोलण्यांतच सांगितलं होतं. खोकला, खुर्चीची करकर वगैरे काढून रेकॉर्डिंग साफ करायचं काम पेंग्विनवर व्हायचं. आणि आप्पांकडे, तसंच ग्रंथालयातही, सर्वसामान्य सज्जन माणसाकडे असतो तो खिडकीच्या चित्राचा, खिडकीवाला. तिघांचं एकमेकांशी पटत नसे. म्हणजे कॉम्प्युटरांचं. माणसांचं बरं होतं.

पूर्वी लहान-लहान फायली इंटरनेटवरून जायच्या, पण हे पुस्तक प्रचंड होतं. तेव्हा आप्पांनी जाहीर केलं की आपण एक डिस्क आणू, आणि ती या दारातून त्या दारात नि तिथून ग्रंथालयात पोचवायचं काम मी स्वतः करीन. माईंसाठी काहीतरी करायला हात शिवशिवत होते बिचाऱ्यांचे. साबणाच्या वडीएवढी काळी डिस्क आली. ती दुकानातूनच खिडकीच्या सोयीची होऊन आली होती. सफरचंदाने ती उघडली, आतलं दाखवलं, पण वर काही लिहायला साफ नकार दिला.

"वाचतो, पण लिहीत नाही?" आप्पा म्हणाले. "आमच्याकडे अशा माणसाला सल्लागार म्हणत."

लेकीने डिस्क कोरी करून सफरचंदाच्या पद्धतीने तयार केली, पुस्तकाचे सगळे तुकडे त्यावर टाकले आणि स्वतःचा कॉम्प्युटर तुडुंब भरला होता म्हणून तिथले पुसून टाकले. पेंग्विन ही डिस्क वाचतो, असं जावयाने सांगितलं होतं. माई हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या दिवशी सकाळी लेकीने डिस्क आप्पांच्या हातात दिली. "हा कॉलेजातून आला की त्याला द्या. बाकी काही करू नका, आप्पा."

बाकी काही करू नका! आयुष्यभर एक खातं चालवलेल्या माणसाला! आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण फक्त माल ठीक आहे ना ते बघू, म्हणून त्यांनी डिस्क आपल्या खिडकीवाल्याला लावली. त्याच वेळी वरचे दाताचे डॉक्टर माईंची चौकशी करायला खाली आले. माई आत झोपल्या होत्या, म्हणून दोघे कॉम्प्युटरसमोर बसले. आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का?

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"विचारणा आली आहे," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं. "करून टाका. साफ केल्याशिवाय कधी काही भरू नये. मी जन्मभर तेच केलं."

आवश्यक आहे, असं वरून स्पष्ट कळवलेलं. तज्ज्ञाचं मत अनुकूल. आप्पांनी 'हो' दाबलं. मग पुन्हा विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल ना? आता एकदा मंजूर केलेली गोष्ट दुसऱ्यांदा विचारली म्हणून आपण शब्द फिरवणारे थोडेच? पुन्हा 'हो'.

डिस्क उघडली. आत स्वच्छ, पांढरं, शांत.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "कशी झाली!" चालते की नाही हे तपासायला म्हणून त्यांनी वरून पेनड्राइव्ह आणला आणि आपल्या कारकिर्दीतले निवडक दाढांचे एक्स-रे तिच्यावर टाकले. झटक्यात गेले. दोघांनी समाधानाने चहा घेतला.

दुपारी जावई आला, तेव्हाही दाताचे डॉक्टर तिथेच बसले होते. त्याने डिस्क लावली, पाहिली, आणि हळूच विचारलं, "आप्पा, या दाढा कुणाच्या?"

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. लेक धावत आली. दाताचे डॉक्टर "मी बघतो हं, गॅस चालू राहिला बहुतेक" म्हणत जे वर गेले ते दोन दिवस डंबेलचाही आवाज नाही. आणि आतल्या दारात माई उभ्या. गळ्याला मफलर, हातात लहान मुलांची पाटी, कारण घशाच्या डॉक्टरांनी अक्षरही बोलायचं नाही असं बजावलं होतं.

आप्पांनी सगळं सांगितलं, एक अवाक्षर न लपवता, ताठ उभं राहून. माईंनी ऐकून घेतलं. मग पाटीवर काहीतरी लिहायला लागल्या. लिहिलं, लिहिलं, पाटी भरली. मग त्यांनी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पाटी न दाखवताच पुसली आणि नव्याने दोन शब्द लिहिले. 'जेवून घ्या.'

आप्पा म्हणतात, त्या पाटीवर आधी काय होतं ते न कळताच मला मरण येणार. एखादी बाई ओरडू शकत नाही, तेव्हा नवऱ्याला किती ऐकू येतं हे त्या दिवशी त्यांना कळलं.

जावई मात्र गुणी. त्याने कपाळाला हात लावला, पण एकदाच. "पुसलं म्हणजे सगळं जात नाही, आप्पा," तो म्हणाला. "डिस्क म्हणजे तुमची रेकॉर्ड रूम धरा. फायली कुठे ठेवल्या ते लिहून ठेवायची प्रत्येक कॉम्प्युटरची पद्धत वेगळी. सफरचंदाची खिडकीला वाचता येत नाही, म्हणून तिला वाटलं खोली रिकामी आहे. तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा जुनी अनुक्रमणिका गेली. फायली अजून रॅकवरच असतील. फक्त कुठली कोणती ते कुणाला माहीत नाही."

आप्पांच्या अंगात एकदम जीव आला. "म्हणजे अनुक्रमणिका जळाली, दप्तर शाबूत?"

"दाढा जिथे बसल्या तेवढं सोडून."

"मग असं सांगा ना, जावईबापू!"

पेंग्विनने डिस्कचा कोपरान् कोपरा चाळून फायली बाहेर काढल्या. शेकड्यांनी निघाल्या. पण नाव नाही, क्रम नाही. प्रत्येकीवर नुसता एक निरर्थक आकडा. कुठल्याही फाईलला हात घालावा, तर माईंचा आवाज गोष्टीच्या मध्येच कुठेतरी बोलायला लागायचा. पुस्तक समोर ठेवून लेक आणि जावई एकेक वाक्य शोधायला बसले. सकाळ गेली आणि जेमतेम एक प्रकरण जुळलं.

आप्पा मागे उभे होते. जावयाने पुढचा तुकडा लावला. माईंच्या आवाजात रखवालदाराची बहीण म्हणाली, "दिवा तुझा आहे, अंधार माझा."

"हे वादळानंतरचं," आप्पा म्हणाले.

जावयाने पानं उलटली. वादळानंतरचंच होतं.

पुढचा तुकडा. नावाडी स्वेटर घालून आरशात बघतोय.

"हे खूप पुढे. आधी ती त्याच्या थोबाडीत मारते. मग तीन प्रकरणं बोलत नाही. त्या अबोल्यात ती विणत असते, पण कुणासाठी ते आपल्याला सांगत नाही. तो तुकडा वेगळा आहे. त्यात हिने एका ठिकाणी श्वास अडकल्यासारखा घेतलाय, तो मुद्दाम आहे, काढू नका हं."

लेकीने पुस्तक मिटलं. "आप्पा, तुम्ही ही कादंबरी वाचलीत?"

"छे! मला कुठे रस कादंबऱ्यांत?"

खुर्ची ओढून ते बसले ते बसलेच. एकेक तुकडा ऐकायचा आणि जागा सांगायची. पुढून इतका, मागून इतका, याच्या आधी घंटा वाजते, हा हिने दोनदा वाचला होता, दुसरा घ्या. हिशेब चुकला नाही. माई दारात येऊन उभ्या राहिल्या. स्टुलावर बसून पहारा करणाऱ्या या माणसाने दाराआडून आपला शब्द न् शब्द पिऊन ठेवलाय, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदा समजत होतं. खरं सांगायचं तर बघण्यासारखे दिसत होते आप्पा. असा मान त्यांना खात्यातही कधी मिळाला नसेल. माईंनी पाटी कमरेला टेकवली आणि कितीतरी वेळ हलल्या नाहीत.

पुस्तक जुळलं. फक्त शेवटचं पान सापडेना. पेंग्विनने पुन्हा चाळलं, तिसऱ्यांदा चाळलं. बरोबर त्या जागी दाताच्या डॉक्टरांनी काढलेली कुणाची तरी अक्कलदाढ ठाण मांडून बसली होती.

"मी वाचते ते पान," लेक म्हणाली. तिचा आवाज चांगला आहे, आईवर गेलाय.

माईंनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'हे वाचतील.' आणि पेन्सिल आप्पांकडे रोखली.

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी? मला नोटिसा वाचायची सवय!"

माईंनी 'हे' या शब्दाखाली रेघ मारली.

मग काय, आप्पा खोलीत आणि बाहेर स्टुलावर माई. आप्पांनी घसा खाकरला आणि रखवालदार शेवटचा जिना चढतो तो भाग असा काही वाचला, की सदर इसमाने सदर जिना चढू नये म्हणून अर्ज आलाय असं वाटावं. माईंनी दार उघडून हाताने खूण केली, हळू. पुन्हा वाचलं. आता वाक्यं सुटी पडायला लागली. माईंनी आत येऊन आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. जिथे थांबायचं तिथे दाबायचा, जिथे सोडायचं तिथे उचलायचा. असं करत करत पान पार पडलं. चांगलं झालं असं कुणीही म्हणणार नाही. पण खरं झालं.

आता पुन्हा डिस्क, कारण पुस्तक पोचवायचं राहिलंच होतं. ग्रंथालयाला सगळं एकसलग, एकाच फाईलीत हवं होतं. आप्पांना 'तिन्ही घरी चालेल असं' हवं होतं. जावयाने आधी एक जुनी पद्धत वापरली, ती सगळ्यांना कळते. तीनचतुर्थांश फाईल गेली आणि डिस्क म्हणाली, एवढी मोठी घेत नाही. जुन्या काळची पद्धत, तिच्या लेखी एवढा मोठा ऐवज जगात असूच शकत नव्हता. जुन्या वळणाच्या बाईसारखी ती पद्धत आप्पांना आवडली, पण उपयोग नव्हता. मग जावयाने एक्सफॅट नावाची पद्धत लावली. तिला मोठ्या फायलींचं वावडं नाही, आणि सफरचंद, पेंग्विन, खिडकी, तिघांनाही तिच्यावर वाचता येतं आणि लिहिताही येतं. आप्पांनी तिन्ही कॉम्प्युटरांवर स्वतः लावून पाहिली. तिन्हीकडे दीपगृह उजळलं.

"एकच," जावई म्हणाला, "ही स्वभावाने हळवी आहे. न सांगता ओढून काढायची नाही. आधी बाहेर काढतोय म्हणून सांगायचं, ती 'बरं' म्हणाली की मगच हात लावायचा."

"निरोप घेतल्याशिवाय उठायचं नाही," आप्पा म्हणाले. त्यांना हे तत्काळ पटलं. दाताच्या डॉक्टरांना तर त्यांनी खोलीतच येऊ दिलं नाही, दारातूनच चहा दिला. आणि ग्रंथालयात त्यांनी स्वतःच्या हाताने डिस्क लावली. खिडकीने यावेळी काहीएक विचारलं नाही. विचारलं असतं तरी आप्पांनी उत्तर दिलं नसतं. इतका बदल त्या माणसात झाला होता.

एवढ्यात माईंची घशाच्या डॉक्टरांकडे फेरी झाली. जखम भरली होती. "बोला आता थोडं थोडं," ते म्हणाले. माईंनी हसून मान डोलावली, घरी आल्या आणि पाटी उचलली. उद्यापासून, असं लिहिलं. उद्या आला, त्याच्या मागून दुसरा उद्या आला, पाटी काही सुटेना. भाजीपासून हिशेबापर्यंत सगळं पाटीवर. लेकीने एकदा म्हणून पाहिलं, "आई, नुसतं 'ओ' तरी दे." माईंनी तिचा गाल थोपटला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.  बायको कशाला भितेय ते आप्पांना कळत होतं. तोंड उघडल्यावर आतून भलतंच कुणी बोललं तर? जोवर बोलत नाही तोवर जुना आवाज आहेच की आत. आप्पाही तेच मानून चालले होते.

अशातच एका सकाळी फोन वाजला. आप्पांनी घेतला आणि माईंना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. टेलिफोन ऑपरेटर होते.

"बाई आहेत ना? नाही, बोलू नका, मला माहीत आहे तुमचं. नुसतं ऐका." त्यांना भरून आलं होतं. "पुस्तक ऐकलं. दोनदा ऐकलं. त्या बहिणीने स्वेटर विणला ना, तेव्हा मला सुयांचा आवाज येत होता हो, वाचनात नसूनसुद्धा. तेवढ्यासाठीच फोन केला." मग ते जरा घुटमळले. "एकच विचारायचं होतं. सगळं पुस्तक तुमच्याबरोबर गेलो, आणि अगदी शेवटच्या पानावर ते कोण भेटले? म्हणजे वाईट नव्हते, मन लावून वाचत होते बिचारे. पण ते कारकून कोण?"

आप्पा ताठ झाले. सारा जन्म ज्या एका गोष्टीसाठी खस्ता खाल्ल्या, तिच्यावरच घाला!

"कारकून नव्हे," ते फोनमध्ये म्हणाले. "हेडक्लार्क."

आणि माई हसल्या.

आधी नुसते खांदे हलले. मग पाटी सोडून त्यांनी तोंडावर हात दाबला, पण व्हायचं ते झालं, बोटांमधून हसू फुटलं आणि खोलीभर झालं. थोडं घोगरं, मध्येच चिरकलेलं, एका जागी तर पार बुडून पुन्हा वर आलेलं. आप्पा घाबरून उठले. "अगं, हळू! टाके! डॉक्टरांनी..." पण त्या थांबेनात, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेनात. आप्पांच्या हातात फोन तसाच, आणि त्यांना कळेना हे ऐकू येतंय ते ओळखीचं आहे की परकं. आपल्याला हवंय म्हणून तर तसं वाटत नाही ना?

फोनमधून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हातारा ऑपरेटर, ज्याने जन्मभरात लाखो आवाज ऐकले होते, एवढ्या जोराने ओरडला की फोन कानापासून लांब असूनही आप्पा दचकले.

"बाई! अहो, या तर बाई! बाईच आहेत या!"

माईंनी आप्पांच्या हातातून फोन घेतला. पदराने डोळे पुसले, एक श्वास घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच बोलतेय."